शोभेचे सागरी मासे आणि ग्राहकाचें कर्तव्य

दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याची काचपेटी ठेवण्याची हौस शहरांतील सुशिक्षित घरांना आतां नवी राहिलेली नाहीं. निळसर प्रकाशांत विहरणारे पिवळे, नारिंगी, जांभळे मासे पाहून दिवसभराचा शीण जातो आणि मुलांना प्राणिशास्त्राचा धडा घरबसल्या मिळतो. परंतु गोड्या आणि खाऱ्या पाण्यांतील शोभेच्या माशांमध्यें एक मोठा भेद आहे व तो विकत घेणाऱ्याच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. गोल्डफिश, गप्पी यांसारखे गोड्या पाण्यांतले मासे बहुतांशीं तलावांत व हौदांत पैदा केलेले असतात. सागरी मासे मात्र बहुतेक समुद्रांतूनच, प्रवाळाच्या खडकांमधून, कोणीतरी बुडी मारून धरून आणलेले असतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण-कार्यक्रमाशीं संलग्न असलेल्या संस्थेनें २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत या व्यापाराचा अंदाज वर्षाला दोन कोटींहून अधिक मासे असा दिला होता आणि त्यांत १,४७१ जातींची नोंद होती. तेव्हां मासा किती सुंदर आहे या प्रश्नाइतकाच, तो कोठें व कसा धरला गेला, हा प्रश्नहि महत्त्वाचा ठरतो.

प्रवाळांत राहणारा मासा मोठा चपळ असतो. माणसाची चाहूल लागतांच तो पोवळ्याच्या फांद्यांत दडून बसतो. त्याला बाहेर काढण्याची एक सोपी परंतु घातक युक्ति १९६० नंतरच्या दशकांत फिलिपाइन्समध्यें रूढ झाली व पुढें इंडोनेशियांतहि पसरली. सोडियम सायनाइडच्या वड्या पाण्यांत विरघळवून तें पाणी बाटलींत भरावयाचें आणि बुडी मारून माशाच्या बिळांत त्याची पिचकारी मारावयाची, अशी ही रीत. मासा गुंगतो आणि अलगद हातीं लागतो. पण त्याच पिचकारीनें प्रवाळाचे सूक्ष्म जीव व त्यांच्या शरीरांत राहून त्यांना अन्न पुरविणारें शेवाळ यांना इजा पोंचते. आंत अडकलेला मासा काढण्यासाठीं कित्येकदां खडकहि फोडला जातो. जे मासे तेथें वांचतात त्यांपैकीं कित्येक पुढें प्रवासांत, दुकानांत किंवा नव्या मालकाच्या घरीं दगावतात. कायद्यानें ही रीत निषिद्ध ठरविलेली आहे. परंतु दूरदूरच्या बेटांवर सर्वत्र पहारा ठेवणें सोपें नसतें.

यावर उपाय नाहीं असें मात्र नाहीं. बारीक विणीच्या जाळ्याची एक ठेंगणी भिंत खडकाभोंवतीं उभी करावयाची, माशांना हळूहळू तिकडे हांकावयाचें आणि हातजाळ्यानें उचलावयाचें, ही विषाशिवाय मासे धरण्याची रीत होय. तींत वेळ अधिक लागतो, कसब अधिक लागतें. पण खडक शाबूत राहतो आणि मासाहि निरोगी राहतो. बाली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील लेस या गांवचे कोळी पूर्वीं विषच वापरीत. खडक उजाड होऊं लागले आणि मासे मिळेनासे झाले, तेव्हां २००० सालाच्या सुमारास तेथील कोळ्यांनीं जाळें हातीं घेतलें. इतकेंच नव्हे, तर समुद्रतळावर सांगाडे सोडून त्यांवर प्रवाळ पुन्हां वाढविण्याचें कामहि त्यांनीं आरंभिलें. ज्या खडकावर पोट चालतें, तो खडक जपण्याचें कारण कोळ्याला मिळालें म्हणजे तोच त्याचा राखणदार होतो. यासाठींच ‘समुद्रांतला मासा मुळींच घेऊं नये’ हें उत्तर वाटतें तितकें निर्दोष नाहीं. जाळ्यानें धरलेल्या माशाला गिऱ्हाईक न मिळाल्यास, खडकाची काळजी घेणाऱ्या कोळ्याच्याच घरची चूल आधीं विझते.

अडचण अशी कीं, विषानें धरलेला मासा नुसत्या नजरेनें ओळखतां येत नाहीं. तो तितकाच तेजस्वी दिसतो. कोळी, दलाल, निर्यात करणारा, आयात करणारा व दुकानदार असे पांच-सहा हात ओलांडून तो ग्राहकापर्यंत येतो आणि या वाटेंत त्याची कुळकथा हरवते. ती टिकावी म्हणून १९९८ सालीं ‘मरीन अक्वेरियम कौन्सिल’ नांवाची संस्था निघाली व तिनें प्रमाणपत्राची पद्धति सुरू केली. परंतु दहा-बारा वर्षांतच तें कार्य थंडावलें. म्हणजे जबाबदारी अखेर दुकानाच्या दारांत येऊन थांबते.

ग्राहकानें तेथें दोन प्रश्न अवश्य विचारावे. मासा कोणत्या देशांतून व कोणत्या किनाऱ्यावरून आला? तो जाळ्यानें धरला कीं कसा, हें आणणाऱ्या व्यापाऱ्याला ठाऊक आहे काय? समाधानकारक उत्तर देणारा दुकानदार चार पैसे अधिक घेत असेल, तर ते कोळ्याच्या कसबाचे आहेत असें समजावें. मासा आल्या दिवशींच घरीं नेऊं नये. थोडी रक्कम आगाऊ देऊन तो आठ-पंधरा दिवस दुकानांतच ठेवावा आणि आपल्यासमोर खातो कीं नाहीं हें पाहावें. पोट आंत ओढलेलें, कल्ल्यांची उघडझाप फार जलद, पोहतांना तोल जाणारा, असा मासा दयेपोटींहि घेऊं नये. कारण त्याच्या जागीं दुसरा तसाच मागविला जातो.

कांहीं जाति तर चांगल्या रीतीनें धरलेल्या असल्या तरी घरांत आणूं नयेत. फुलपाखरी माशांपैकीं कित्येक केवळ जिवंत प्रवाळावर जगतात आणि काचपेटींत उपाशीं मरतात. इतर माशांच्या अंगावरचे परोपजीवी टिपणारा ‘क्लीनर रास’ हा चिमुकला मासा तर खडकाचा वैद्यच होय. ऑस्ट्रेलियांतील लिझर्ड बेटाजवळ कांहीं लहान खडकांवरून हा मासा आठ वर्षांहून अधिक काळ दूर ठेवला असतां तेथील इतर माशांची संख्या रोडावल्याचें दिसून आलें. इंडोनेशियांतील बांगाई कार्डिनल या माशाचा नर अंडीं व पिलें तोंडांत सांभाळतो. पिलें प्रवाहाबरोबर दूर जात नाहींत, म्हणून एका जागचे मासे संपले कीं दुसरीकडून ते येत नाहींत. २००७ सालीं त्याची गणना संकटग्रस्त जातींत झाली. हा मासा, तसाच नारिंगी क्लाउनफिश, टाकींत पैदा केलेला मिळूं शकतो, तोच मागावा. समुद्रघोडे आणि खडक बांधणारे प्रवाळ यांना तर भारतांत २००१ पासून वन्यजीव-संरक्षणाच्या कायद्याचें संरक्षण आहे. कोणी ते विकावयास आणले तरी घेणें हा गुन्हाच होय.

काचपेटींतील मासा हा शोभेची वस्तु नसून दूरच्या एका खडकाचा रहिवासी असतो. त्या खडकाला कायद्याचा आधार हवा, कोळ्याच्या समजुतीचा हवा, तसाच विकत घेणाऱ्याच्या विवेकाचाहि हवा. दुकानांत रोज कोणी ना कोणी ‘हा कसा धरला?’ असें विचारूं लागलें, म्हणजे तो प्रश्न दलालांच्या साखळीतून मागें मागें जात अखेर समुद्रांत बुडी मारणाऱ्याच्या हातापर्यंत पोंचेल. त्या हातांत बाटली असावी कीं जाळें, हें मोठ्या अंशीं गिऱ्हाइकाच्या मागणीवरच ठरतें.