करार मोडला, पण नुकसान दाखवले का?

समजा, तंजावरच्या भातगिरणीला व्यापाऱ्याने ठरलेले भात दिले नाही. भाव 2,400 रुपये क्विंटल ठरला होता, करार मोडला त्या दिवशी बाजारात 2,600 होता. करार कायदा, 1872च्या कलम 73 नुसार भरपाई साधारणपणे क्विंटलमागे 200 रुपये. पण त्या दिवशीचा बाजारभाव कागदानिशी शाबीत करायला हवा.

सरकारलाही यातून सूट नाही. मौला बक्ष खटल्यात (1969) बटाटे, अंडी, मासळी पुरवणाऱ्या कंत्राटदाराची 18,500 रुपयांची अनामत सरकारने जप्त केली होती. तोटा सिद्ध करता येण्याजोगा असूनही सरकारने पुरावाच दिला नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने जप्ती अमान्य केली.

नुकसान खरे असले तरी ते सगळेच भरून मिळते असे नाही. एका जुन्या खटल्यात मद्रास रेल्वेने एका शिंप्याचे शिलाई यंत्र जत्रा उलटल्यावर पोचवले. बुडालेला नफा मात्र त्याला मिळाला नाही, कारण जत्रेसाठी यंत्र हवे हे त्याने कंपनीला आधी सांगितलेच नव्हते. मला हा निकाल कठोर वाटतो, पण नियम आजही तोच आहे.

असा दावा अपिलात गेला, तर पहिल्या अपिलात पुरावा नव्याने तोलला जातो. दुसरे अपील, तंजावरचा दावा असेल तर, उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे, तेही कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरतेच. नवा पुरावा अपिलात अपवादानेच घेतात. म्हणून पावत्या, बाजार समितीचे भाव, नोटिसा पहिल्याच न्यायालयात दाखल कराव्यात.