क्रमांक ३२ रायफल दुर्बीण

क्रमांक ३२ दुर्बीण ही दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व राष्ट्रकुलातील सैन्यांनी ली-एनफील्ड क्र. ४ मार्क १ (टी) या स्नायपर रायफलवर वापरलेली, तीनपट वर्धनाची दुर्बीण आहे. तिची रचना मुळात ब्रेन मशीनगनसाठी झाली होती. १९४२ पासून हॉलंड अँड हॉलंड या ब्रिटिश कंपनीने अचूक नेमाच्या २० हजारांहून अधिक निवडक रायफलींवर ती बसवली. दुर्बीण ब्रॅकेटसह काढता येत असल्याने पुढे अनेक जोड्यांची अदलाबदल झाली. त्यामुळे संग्रहालयातील रायफलवरची दुर्बीण तिच्याच काळातील आहे का, हे तपासावे लागते.

प्रकार

* मार्क १ (१९४२) : अंतराची चकती १००० यार्डांपर्यंत, ५० यार्डांच्या टप्प्यांनी फिरते, आडव्या दुरुस्तीचा टप्पा २ कोनीय मिनिटांचा.
* मार्क २ (१९४३) : दोन्ही चकत्यांचा टप्पा १ मिनिटाचा.
* मार्क ३ (१९४४ची अखेर) : टप्पा तोच, मात्र चकत्यांची यंत्रणा नव्याने आखलेली व शून्यांकन सोपे.

कालनिश्चिती

दुर्बिणीच्या नळीवर मार्क, अनुक्रमांक, निर्माता व वर्ष कोरलेले असते. तिचा अनुक्रमांक रायफलच्या लाकडी दस्त्यावर मुठीजवळ, तर रायफलचा क्रमांक ब्रॅकेटवर ठोकलेला असतो. दोन्ही जुळल्यास जोडी मूळची मानण्यास सबळ आधार मिळतो.

क्रमांक न जुळणे हा मात्र बनावटीचा पुरावा नव्हे. सेवेत दुर्बीण बदलल्यावर शस्त्रदुरुस्ती विभाग दस्त्यावरील जुना क्रमांक खोडून नवा ठोकत असे. म्हणून ‘मूळची’ आणि ‘काळाशी सुसंगत’ या दोन संज्ञा वेगळ्या ठेवाव्या लागतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियन ज्या इटली मोहिमेत लढल्या, त्या मोहिमेच्या पहिल्या वर्षातील (१९४३) म्हणून मांडलेल्या रायफलवर मार्क ३ विसंगत ठरते. युद्धोत्तर सेवेतील रायफलवर तीच योग्य असू शकते.

दारूगोळ्याशी संबंध

अंतराच्या चकतीवरील आकडे .३०३ मार्क ७ काडतुसाच्या गोळीमार्गावर आधारलेले आहेत. १९७० च्या सुमारास ७.६२ मिमी एल४२ए१ रायफलसाठी जुन्या दुर्बिणी सुधारून एल१ए१ हे नाव देण्यात आले व चकतीवरील आकडे बदलण्यात आले. अशी दुर्बीण महायुद्धकालीन रायफलवर कालविसंगत ठरते.

गोळीचा वेग काडतुसातील प्रणोदकावर, म्हणजे तिला ढकलणाऱ्या दारूवर अवलंबून असतो. वेग बदलला की चकतीवरचे अंतर चुकते. भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरची आयुध निर्माणी अशा प्रणोदकांच्या उत्पादनासाठी ओळखली जाते.

भारतातील वापर

महायुद्धकाळात ईशापूर येथे ली-एनफील्ड क्र. १ रायफलचे उत्पादन होत असे; क्र. ४ (टी) रायफली बाहेरून आल्या. स्वातंत्र्यानंतरही त्या भारतीय सेनेच्या वापरात राहिल्या. त्यामुळे भारतातील संचाची नोंद करताना रायफलचे निर्मितीवर्ष, दुर्बिणीचे वर्ष आणि सेवेचा काळ स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक ठरते.