स्पर्श परत देणारा कृत्रिम हात : एक वैद्यकीय चिंतन

कडबाकुट्टीच्या यंत्रात उजवा हात मनगटाच्या वर गमावलेले एक शेतकरी गतवर्षी आमच्या चिकित्सालयात आले. जखम केव्हाच भरून आली होती. त्यांची तक्रार निराळी होती. "डॉक्टरसाहेब, हात गेला, पण मूठ अजून वळलेलीच आहे. नखं तळव्यात रुततात आणि ती मूठ काही उघडत नाही." सोबत आलेल्या मुलाने भ्रमणध्वनीवर एक चित्रफीत दाखविली. तीत एक परदेशी गृहस्थ यांत्रिक हाताने वस्तू उचलीत होते आणि त्या हाताला स्पर्श कळतो, असे सांगितले जात होते. मुलाचा प्रश्न सरळ होता : एक एकर विकली तर असा हात बाबांना मिळेल काय?

त्या दिवशी आम्हांस समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढे या विषयाचा जो अभ्यास केला, तो वैद्यबंधुभगिनींसमोर ठेवावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'मनोनियंत्रित' म्हणजे काय?

वृत्तपत्रांतून अशा हातास 'मनाने चालणारा हात' म्हणतात. हा शब्दप्रयोग सैल आहे. हात तुटला तरी त्या हाताकडे जाणाऱ्या नाडी उरलेल्या भागात जिवंत असतात आणि हात हलविण्याची इच्छा होताच त्यांतून संदेश वाहू लागतो. बहुतेक यंत्रे उरलेल्या स्नायूंच्या आकुंचनात निर्माण होणारा सूक्ष्म विद्युत्प्रवाह त्वचेवरून टिपतात. यंत्र मन वाचीत नाही. मनाच्या प्रेरणेचा देहात उमटलेला परिणाम वाचते.

पण ज्याचा हात खांद्यापासूनच गेला, त्याच्यापाशी असे स्नायू उरत नाहीत. शिकागो येथील डॉ. टॉड कुइकेन यांनी यावर मार्ग काढला. जेसी सुलिव्हन या वीजतंत्रींचे दोन्ही हात २००१ साली विजेच्या धक्क्यामुळे खांद्यापासून गेले होते. २००२ साली त्यांच्या हाताकडे जाणाऱ्या नाडी शस्त्रकर्माने छातीच्या स्नायूंत रोवण्यात आल्या. मूठ मिटण्याची इच्छा होताच छातीचा ठरावीक भाग आकुंचन पावू लागला आणि त्यावरून यंत्राचा हात चालू लागला. याहून नवलाची गोष्ट पुढे दिसून आली. छातीच्या त्या त्वचेस स्पर्श केला असता त्यांना तो आपल्या गेलेल्या हातास झाल्यासारखा वाटू लागला. नाडीने नवे स्थान स्वीकारले होते, पण आपली जुनी ओळख सोडली नव्हती.

स्पर्शाचा परतीचा मार्ग

या अनुभवातून पुढील संशोधनास दिशा मिळाली. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे डॉ. डस्टिन टायलर यांच्या गटाने २०१२ साली हात गमावलेल्या रुग्णांच्या उरलेल्या नाडींभोवती विद्युदग्रे बसविली. यंत्रहस्ताच्या बोटांतील संवेदक दाब मोजतात आणि त्या प्रमाणात नाडीस सौम्य विद्युत्स्पंद देतात. रुग्णास तो दाब स्वतःच्या बोटांवर जाणवतो. डोळे बांधून चेरीच्या फळाचा देठ तोडण्याची परीक्षा त्यांनी घेतली. संवेदना बंद असता फळे चिरडत. ती सुरू असता फळ धरून देठ अलगद काढता येई. विशेष म्हणजे स्पर्श परत मिळताच त्या रुग्णांच्या नसलेल्या हातातील वेदनाही पुष्कळ उणावल्या. आमच्या रुग्णाची न उघडणारी मूठ आम्हांस येथे आठवली.

रोम येथे २०१३ साली डॉ. सिल्वेस्त्रो मिचेरा यांच्या गटाने डेनिस आबो सोरेन्सन या डॅनिश गृहस्थांच्या नाडींत विद्युदग्रे बसविली. डोळे बांधलेले असताही वस्तू कठीण की मऊ, गोल की लांबट, हे त्यांना सांगता आले. प्रयोगाच्या मर्यादेनुसार सुमारे महिन्याभरात ती विद्युदग्रे काढून घ्यावी लागली.

पिट्सबर्ग विद्यापीठातील प्रयोग याहून पुढचा आहे. नेथन कोपलंड यांचा हात तुटलेला नव्हता. २००४ सालच्या अपघातात मानेतील सुषुम्नेस इजा होऊन देह निश्चेष्ट झाला होता. २०१५ साली त्यांच्या मेंदूच्या गतिक्षेत्रात व स्पर्शक्षेत्रात सूक्ष्म विद्युदग्रे बसविण्यात आली. केवळ दृष्टीच्या आधारे यंत्रहस्ताने वस्तू उचलून ठेवण्यास त्यांना साधारणतः २०.९ सेकंद लागत. स्पर्शाची जोड मिळताच तेच काम १०.२ सेकंदांत होऊ लागले, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. हात तोच, मनुष्य तोच. फरक केवळ स्पर्शाचा.

आयुर्वेदाची दृष्टी

अशा वार्ता वाचल्या की ऋग्वेदातील विश्पलेचा दाखला देऊन 'हे आमच्याकडे होतेच' असे म्हणण्याचा मोह आपल्यापैकी अनेकांस होतो. अश्विनीकुमारांनी तिला लोहाची जंघा दिली, असा उल्लेख तेथे आहे खरा. परंतु उल्लेख म्हणजे विधी नव्हे. ती जंघा कशी घडविली, कशी बसविली, हे तेथे सांगितलेले नाही. अशा दाव्यांनी शास्त्राचा गौरव होत नाही, उलट त्याची विश्वासार्हता घटते.

शास्त्राचे खरे सामर्थ्य आम्हांस अन्यत्र दिसते. आत्मा, मन, इंद्रिय आणि अर्थ यांचा संयोग झाल्याविना ज्ञान होत नाही, हा आपला मूळ सिद्धांत आहे. चरकाचार्य सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात स्पर्शनेंद्रियास सर्व इंद्रियांत व्यापून असलेले आणि मनाशी नित्य संबद्ध असे म्हणतात. बाराव्या अध्यायात वायूस मनाचा नियंता, इंद्रियांस प्रवृत्त करणारा आणि इंद्रियार्थ वाहून नेणारा म्हटले आहे. म्हणजे कर्माची प्रेरणा बाहेर नेणे आणि विषय आत आणणे ही दोन्ही कार्ये एकाच तत्त्वाकडे सोपविलेली आहेत. यंत्रहस्ताच्या निर्मात्यांनी अनेक दशके पहिल्या कार्याकडेच लक्ष दिले. दुसरे जोडले गेल्यावर हात खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागला. वायू म्हणजेच नाडीतील विद्युत् असे समीकरण आम्ही मांडीत नाही. विचाराची दिशा मिळतीजुळती आहे, एवढेच आमचे म्हणणे.

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात हातपाय तुटलेला मनुष्य फांद्या तुटलेल्या वृक्षाप्रमाणे जगू शकतो, असे सांगून सिरांच्या संकोचाने रक्तस्राव अल्प होतो, हे कारणही दिले आहे. जगणे शक्य आहे, हे त्यांनी जाणले होते. त्या जगण्याला स्पर्शाची जोड देण्याचा प्रयत्न आज सुरू आहे.

मर्यादा

या हातांचे कौतुक करताना मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मिळणारी संवेदना पुष्कळदा मुंग्या अथवा स्पंदनासारखी असते व मोजक्या ठिकाणीच जाणवते. अनेक प्रयोगांत तारा त्वचेतून बाहेर येतात, त्यामुळे जंतुसंसर्गाची भीती राहते. बहुतांश कार्य अद्याप प्रयोगशाळेच्या कक्षेत आहे. याउलट १९६८ साली डॉ. प्र. क. सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडविलेल्या जयपूर पायास काहीच जाणवत नाही; तरी त्याने असंख्यांना शेतात अनवाणी चालते केले आहे. पुण्यातील कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून हेच व्रत चालवीत आहे.

म्हणून त्या मुलास आम्ही पुढच्या भेटीत स्पष्ट सांगितले : जमीन विकू नका. ज्या हाताची चित्रफीत पाहिली, तो बाजारात विकत मिळणारा नाही. साधा कृत्रिम हात बसवून घ्या. वातशमनार्थ आम्ही उरलेल्या भागास स्नेहन सुरू केले आणि डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात सुचविलेला आरशाचा प्रयोगही करून घेतला. डाव्या हाताचे प्रतिबिंब उजव्या हाताच्या जागी पाहत मूठ उघडायची, इतकाच तो विधी. काही रुग्णांस त्याने उपशम मिळतो, सर्वांस नाही. आमच्या रुग्णाची मूठ काही आठवड्यांनी थोडी सैल झाली. वेदना पूर्ण गेली, असे आम्ही म्हणणार नाही.

आपले कर्तव्य

कडबाकुट्टीने जाणारे हात आपण वाचवू शकत नाही. परंतु मधुमेहाने जाणारे पाय आपल्यासमोर रोज येऊन बसतात. हातापायांची सुप्तता व दाह ही चरकाचार्यांनी निदानस्थानात प्रमेहाच्या पूर्वरूपांत गणलेली लक्षणे आहेत. आधी स्पर्श जातो. मग टोचलेला काटा कळत नाही. मग व्रण, कोथ आणि अखेरीस छेदन. सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात मधुमेही स्वेदनास अयोग्य सांगितला असताही सुप्त पायांवर गरम पोटली ठेवल्याने पाय भाजलेले रुग्ण आम्ही पाहिले आहेत. स्पर्श हरपलेल्या रुग्णास 'सोसेल तेवढे' असे सांगणे निरर्थक आहे, कारण सोसणे म्हणजे काय, हेच त्याच्या पायास कळत नाही.

यास्तव आमची नम्र विनंती आहे की, प्रत्येक मधुमेही रुग्णास पादत्राणे काढावयास लावावीत. डोळे मिटवून कापसाच्या बोळ्याने तळवा तपासावा, १० ग्रॅम दाबाचा तंतू व १२८ हर्ट्झचा नादकाटा मेजावर ठेवावा, बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. यास पाच मिनिटे पुरतात.

एका हाताला थोडासा स्पर्श परत देण्यासाठी जगातील कुशल शल्यविदांना आणि यंत्रज्ञांना वर्षानुवर्षे खपावे लागत आहे. जो स्पर्श अद्याप शाबूत आहे, तो राखणे आपल्या हाती आहे.