चुलीचा हिशेब करा, मग वरकस पडीक राहणार नाही

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात आषाढाची झड लागली की पानात काय येतं? ऊन-ऊन भात, त्यावर कुळथाची पिठी, बाजूला भाजलेला पापड नाहीतर सुका जवळा, आणि लोणच्याची एक फोड. नागपंचमीला हळदीच्या पानातले पातोळे, गौरी आल्या की घावन-घाटलं, फणस पिकला की सांदणं, आणि तवसं तयार झालं की धोंडस. पाहुण्यापुढे मिरवावं असं यात काही नाही. पण मुंबईहून उतरलेला चाकरमानी पहिल्या दिवशी आईकडे हेच मागतो.

हल्ली मात्र या पानातलं बरंचसं दुकानातून येतं. कुळथाचं पीठ पिशवीतलं, नाचणीचं पीठ पिशवीतलं. ज्या वरकसावर ही दोन्ही पिकं होत, तिथे कित्येक वाड्यांत आज गवत आणि रान माजलं आहे. नाचणी-कुळथाला बाजारात भाव किती, एवढाच हिशेब आपण करतो आणि परवडत नाही म्हणून सोडून देतो. या लेखात हिशेब उलट्या बाजूने, म्हणजे चुलीपासून करायचा आहे.

का सुटली ही पिकं?

कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. तरुण माणसं मुंबई-पुण्याला, शेतात रानडुक्कर आणि माकडं, मजुरी महाग. त्यात अन्न सुरक्षा कायदा 2013 साली आला. पात्र कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य स्वस्तात मिळू लागलं आणि 2023 पासून ते मोफत झालं. गरिबाच्या घरी दोन वेळचा भात शिजतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण मग नाचणीसाठी चढावर कशाला राबायचं, असंही माणसाला वाटणारच.

एका वाडीतल्या बैठकीत नाचणीचा विषय काढला, तेव्हा एक वयस्क बाई म्हणाल्या, "भाऊ, नाचणी लावू आम्ही. पण कापायची, झोडायची, पाखडायची कोणी? पोरगा मुंबईला, नि घरात मी आणि सून."

हा प्रश्न टाळून कोणी नाचणीचे गुण सांगू लागला, तर त्याचं कोण ऐकणार? घरचं साधं जेवण म्हणतात ते बाईमाणसाच्या कष्टावर उभं असतं. ते कष्ट कमी झाले तरच ते टिकेल.

पिठी-भाताची ताकद

आता पानाकडे पाहू. शंभर ग्रॅम कुळथात सुमारे 22 ग्रॅम प्रथिनं असतात, शंभर ग्रॅम तांदळात सातच्या आसपास. भाताबरोबर कडधान्य आलं की एकातली उणीव दुसरं भरून काढतं. म्हणजे पिठी-भात ही गरिबाची तडजोड नव्हे, ते पुरतं जेवण आहे.

पिठी करायची रीत जुनीच चांगली. कुळीथ खमंग भाजावेत, जात्यावर भरडावेत, सुपात पाखडून साल काढावी आणि मग डाळ दळावी. पाच माणसांना एक ते दीड वाटी पीठ पुरतं. ते आधी गार पाण्यात कालवून घ्यावं, म्हणजे गुठळी होत नाही. तेलात लसूण, कांदा, हिरवी मिरची परतून पाणी घालावं, दोन-तीन आमसुलं आणि मीठ टाकावं. उकळी आली की कालवलेलं पीठ ओतून ढवळत राहावं. वरून ओलं खोबरं असलं तर उत्तम. मंद आचेवर दहा मिनिटं, की झाली पिठी.

नाचणीची गोष्ट चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण 340 मिलिग्रॅम कॅल्शियम, तर पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. वाढत्या पोराला आणि बाळंतिणीला भाकरी, आंबील द्यायची आपली पद्धत उगाच पडलेली नाही.

इथे एक सूचना. पुष्कळ घरांत नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून सत्त्व काढतात. ते पचायला हलकं असतं खरं, पण नाचणीतला चुना मुख्यतः तिच्या सालीत असतो आणि साल चोथ्याबरोबर टाकली जाते. त्यापेक्षा नाचणी रात्रभर भिजवावी, फडक्यात बांधून एक-दीड दिवस मोड आणावेत, सावलीत खडखडीत वाळवून, मंद भाजून दळावी. मोड आल्याने ती पचायलाही सोपी होते. चैत्रात एकदा करून डबा भरून ठेवला की पावसाळाभर खीर होते. पाण्यात शिजवून गूळ आणि नारळाचं दूध घातलं, की पोरं दुसरी वाटी मागतात. बाळाला सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू होतं, तेव्हा हेच पीठ कापडाने चाळून पातळ शिजवावं. गूळ मात्र इतक्यात नको.

गोडधोड परसातलं

गोड पदार्थांनाही दुकानाची पायरी चढावी लागत नाही. बरक्या फणसाचा दोन वाट्या रस, तेवढाच तांदळाचा रवा, गोडीप्रमाणे वाटीभर गूळ, चवीला मीठ आणि मूठभर खोबरं कालवून अर्धा-पाऊण तास ठेवावं. मग वाट्यांतून पंधरा-वीस मिनिटं उकडलं की सांदणं तयार. वर साजूक तूप किंवा नारळाचं दूध. कापा फणस कापून विकता तरी येतो, बरका मात्र झाडाखाली सडतो. त्याला सांदणासारखी दुसरी जागा नाही.

धोंडसाला जून तवसं किसून, रवा भाजून, गूळ घालून शिजवतात आणि टोपाच्या झाकणावर निखारे ठेवून भाजतात. चूल नसेल तर जाड बुडाचा टोप तव्यावर ठेवून मंद गॅसवरही होतं.

आता हिशेब

समजा घरात पाच माणसं आहेत. रोज पाव किलो नाचणी लागली, तर वर्षाला नव्वद किलो. हेक्टरी दहा क्विंटल उत्पन्न धरलं तरी गुंठ्याला दहा किलो पडतात. म्हणजे नऊ-दहा गुंठे पुरेत. पुनर्लागवडीला हेक्टरी पाच किलो बी लागतं, म्हणजे दहा गुंठ्यांना अर्धा किलो.

पिठी आठवड्यातून दोनदा, दर वेळी दीडशे ग्रॅम पीठ, तर वर्षाला सुमारे सोळा किलो. साल-कोंडा धरून वीस किलो कुळीथ. हेक्टरी पाच क्विंटल धरले तर चार गुंठे झाले. आणि कुळथाला वेगळी जमीनही नको. भात कापून झाल्यावर जमिनीत ओल आहे तोवर नोव्हेंबरात पेरला, की पाणी न देता तीन-साडेतीन महिन्यांत येतो. मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळतं, भुसा गुरांना होतो.

दहा गुंठे वरकस आणि चार गुंठे भातखाचर, एवढ्यावर वर्षाचा प्रश्न सुटतो. विकायचं नाही, त्यामुळे बाजारभाव पडला तरी डोक्याला ताप नाही.

त्या बाईंच्या प्रश्नाचं काय?

एकटीने होणार नाही, हे खरंच. म्हणून चार-पाच घरांनी लागून लागून वरकस लावावं. राखण वाटून घेता येते. सुटं शेत डुक्कर एका रात्रीत संपवतं. नाचणी मळणारी छोटी यंत्रं आता मिळतात, एक यंत्र बचत गटाने घेतलं की सगळ्या वाडीचं काम होतं. त्यासाठी चालू वर्षी कोणती योजना आहे, हे गावच्या कृषी कर्मचाऱ्याला विचारा. बियाणं दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं घ्या. दापोली-1 ही नाचणीची जात आपल्या हवामानाला जमलेली आहे. जुनं घरचं बी कोणाकडे असेल तर तेही दोन ओळी लावून जपा, कारण एक-दोन हंगाम चुकले की ते पुन्हा मिळत नाही.

आणि राबणं फक्त सासू-सुनेवर नको. गणपतीला, दिवाळीला घरी येणाऱ्या चाकरमान्याने दोन दिवस कापणीला द्यावेत. पिठी मागायची तर कुळीथही उपटायला हवेत!

जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या अनेक वाड्यांत दिवसेंदिवस वीज नव्हती, रस्त्यांवर झाडं आडवी पडली होती. अशा वेळी कणगीतली नाचणी, डब्यातली पिठी आणि भरणीतली आमसुलं हाताशी असली की चूल पेटते. नाचणी नीट वाळवून ठेवली तर वर्षानुवर्षं कीड लागत नाही, हेही लक्षात ठेवा.

येत्या मृगाच्या आधी घरातल्या बायामाणसांना घेऊन बसा. वर्षाला काय किती शिजतं ते त्यांना विचारा, कागदावर मांडा आणि तेवढे गुंठे आधी बाजूला काढा. बाकीच्या जमिनीत काय करायचं ते मग ठरवू.