आडनावामागील घराणे

मंडईत भाजी घ्यावयास जाणाऱ्या पुणेकराच्या कानी बेलबाग व तुळशीबाग ही नावे नेहमीच पडतात. परंतु ही देवालये बांधविणाऱ्या पुरुषांची मूळ आडनावे विचारली, तर थोडेच जण उत्तर देऊ शकतील. बेलबागेचे नाना फडणवीस हे मूळचे भानू, आणि तुळशीबागेचे नारो आप्पाजी हे मूळचे खिरे. एका घराण्यास हुद्द्याने नवे नाव दिले, तर दुसऱ्यास बागेने; खिऱ्यांचे तुळशीबागवाले झाले.

यावरून आडनाव हा वंश शोधण्याचा किती कच्चा धागा आहे, हे ध्यानी येईल. हिशेबदप्तराचा अधिकारी तो फडणवीस. असे अधिकारी अनेक दरबारांत होते. म्हणून परस्परांशी रक्ताचा संबंध नसलेली कित्येक घराणी फडणीस म्हणविली जातात.

याहून बळकट धागा नावातच असतो. नानांचे नाव बाळाजी जनार्दन, वडिलांचे जनार्दन बाळाजी, आजोबांचे बाळाजी महादेव. प्रत्येक नाव मागील पिढीचे नाव सांगते. मात्र येथेही सावध राहावे लागते. कोकणातील वेळासचे हे आजोबा पेशवे बाळाजी विश्वनाथ यांजबरोबर दिल्लीस गेले व १७१९ साली तेथेच मारले गेले; नातू १७४२ साली जन्मला. दोघेही बाळाजी भानूच! तेव्हा कागदावरील साल न पाहता आजोबांचे कृत्य नातवाच्या पदरी घालणे सहज शक्य आहे.

हा घोटाळा केवळ आपल्याकडीलच नव्हे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. तेथील नॉर्मन सरदारांत 'फिट्झ' म्हणजे 'पुत्र' हा शब्द पित्याच्या नावामागे लावीत. विंडसरच्या जेराल्डचा पुत्र मॉरिस, तो मॉरिस फिट्झजेराल्ड. तो ११६९ साली आयर्लंडात उतरला. पुढे वंशजांच्या पित्यांची नावे निराळी असूनही फिट्झजेराल्ड हेच आडनाव कायम झाले. पित्याचा निर्देश करणारे नाव अखेर कुळाचे बनले.

म्हणून वंशावळ लिहिणाराने थोर पूर्वज आधी निवडून त्याच्यापासून आपल्यापर्यंत उतरू नये. आपल्यापासून एकेक पायरी मागे चढावे. प्रत्येक पायरीस सनद, खरेदीपत्र, तीर्थोपाध्यायांची वही अथवा चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंद असा आधार पाहावा. आधार न मिळाल्यास जागा कोरी सोडावी. कोरी जागा पुढे कोणी भरील. खोटे नाव मात्र खऱ्याची वाट अडवून बसते.

आणखी एक गोष्ट. वर दिलेल्या साखळीत एकाही मातेचे नाव नाही. बापाचे नाव मुलाच्या नावात टिकले. आईचे टिकविण्याची तशी सोय नव्हती. तेव्हा विद्यार्थिमित्रहो, आजच घरी आजीजवळ बसा. तिचे माहेरचे नाव, तिच्या आईचे नाव व गाव विचारून तारखेसह वहीत उतरून घ्या. पुष्कळ घरांत या नोंदीचे दप्तर आजीची आठवण हेच असते, आणि त्याची दुसरी प्रत नसते.