उंदराच्या वृषणात कुठलं प्रथिन कुठल्या पेशीचं?

कडोलीच्या मळ्यात मेथीचे वाफे आठ-आठ दिवसांच्या अंतरानं पेरले असतील, तर कोंब, कोवळी भाजी आणि फुलावर आलेली मेथी शेजारीशेजारी दिसते. प्रौढ उंदराच्या वृषणातल्या नळ्यांचंही तसंच. पूर्वज पेशीपासून शुक्राणू व्हायला उंदरात सुमारे 35 दिवस लागतात. पण त्याच जागी दर 8.6 दिवसांनी नवी खेप निघते. त्यामुळे अख्खं वृषण कुटून प्रथिनं तपासली, तर कुठलं कुठल्या पेशीचं, काही उलगडत नाही.

मग पिल्लांकडे वळायचं. आठवडाभराच्या पिल्लाच्या नळ्यांत आधार देणाऱ्या सर्टोली पेशी आणि पूर्वज पेशी एवढंच असतं. पहिली खेप मात्र वेळ पाळते. दहाव्या दिवसाच्या सुमारास अर्धसूत्री विभाजन सुरू, चौदाव्याला त्यातला ‘पॅकिटीन’ हा लांबलचक टप्पा, विसाव्याच्या आसपास शेपूट न फुटलेल्या गोल पेशी. बाराव्या दिवशी नसलेलं प्रथिन चौदाव्याला सापडलं, की संशय पॅकिटीन पेशींवर जातो. संशयच म्हणायचा, कारण याच दिवसांत सर्टोली पेशीही विभाजन थांबवून प्रौढ होत असतात.

खात्रीसाठी वृषण पिवळ्याजर्द बुआँ द्रावणात मुरवतात, मेणात बसवतात, पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात आणि त्या प्रथिनालाच चिकटणारं प्रतिपिंड लावतात. तपकिरी रंग उमटला ती पेशी त्या प्रथिनाची. परळला 1970 मध्ये सुरू झालेल्या प्रजनन संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी असल्याच प्रश्नांचा अभ्यास चालतो. वाढत्या मुलांच्या वृषणाचे तुकडे असे दिवसादिवसाला कोण देणार? म्हणून उंदीर.

मला यातलं सर्वांत गमतीचं प्रथिन वाटतं ते पीजीके-2. साखरेतून ऊर्जा काढायला लागणाऱ्या पीजीके-1 या विकराचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि पॅकिटीनमध्ये नराचं एक्स बंद पडतं. तेव्हा दुसऱ्याच गुणसूत्रावरची त्याची नक्कल, पीजीके-2, कामाला लागते. तिचा आरएनए पॅकिटीन पेशींतच तयार होऊ लागतो, प्रथिन मात्र मुख्यतः पुढच्या गोल आणि लांबट पेशींत साठतं. नुसता आरएनए मोजून प्रथिनाचा अंदाज बांधणारा इथे हमखास फसतो. ही नक्कल काढून टाकलेल्या उंदरांत शुक्राणू तयार होतात, पण ऊर्जेअभावी त्यांना नीट पोहता येत नाही.