ट्रिप कशी झाली, हे ठरवतं कोण?

इंडिया ट्रिपवरून परत आलात की पहिला प्रश्न ठरलेला: "काय मग, कशी झाली ट्रिप?" आणि तुम्ही दोन सेकंदांत उत्तर देता. "मस्त!" किंवा "जाऊ दे, नको विचारूस." तीन आठवड्यांचा हिशोब दोन सेकंदांत कसा काय झाला?

१९९३ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातल्या ३२ विद्यार्थ्यांनी एकदा १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात धरला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, पण पुढे आणखी ३० सेकंद हात पाण्यातच. फक्त त्या वेळात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. म्हणजे त्रास चालूच, थोडासा कमी. मग विचारलं: तिसऱ्या वेळी यातलं कोणतं परत कराल? ३२ पैकी २२ जणांनी लांबलेला त्रास निवडला!

वेडेपणा वाटतो ना? पण आठवण सिनेमासारखी सगळी रीळ जपून ठेवत नाही. तिच्याकडे दोन-चार फोटो असतात. त्यातला एक सर्वांत तीव्र क्षणाचा, एक शेवटचा. त्रास किती वेळ चालला, हे तिच्या हिशोबात जवळजवळ येतच नाही.

आता तुमची ट्रिप आठवा. आजीबरोबर गच्चीवर घालवलेल्या संध्याकाळी, मामाच्या गाडीतल्या गप्पा. आणि शेवटची रात्र: २३ किलोच्या बॅगेत लोणचं बसवायचं की पुस्तकं, यावरून आईशी भांडण, मग पहाटेपर्यंत एअरपोर्टवर रांग. परत आल्यावर तुम्ही म्हणता, "त्या भांडणाने सगळी मजा घालवली." खरं तर मजा येऊन गेली होती, ती कोणी परत नेली नाही. खराब झाली ती आठवण.

मग काय फरक पडतो? पडतो, कारण पुढचा निर्णय आठवणच घेते. २००३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी स्प्रिंग ब्रेकला गेलेल्या विद्यार्थ्यांना सुट्टी चालू असतानाच पुन्हा पुन्हा विचारलं, आत्ता कसं वाटतंय? नंतर, सुट्टी कशी गेली तेही विचारलं. अशी सुट्टी परत घ्यावी का, हे ठरलं आठवणीवरून. तिथे प्रत्यक्ष कसं वाटत होतं, त्यावरून नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. हात पाण्यात धरणं वेगळं आणि अख्खी सुट्टी वेगळी. २००८ साली न्यूझीलंडमधल्या अभ्यासात विद्यार्थ्यांकडून सुट्टीतला आनंद टेक्स्ट मेसेजवर नोंदवून घेतला. तिथे शेवटापेक्षा सर्वांत लक्षात राहिलेला किंवा वेगळा असा एक दिवस जास्त वजनदार ठरला. म्हणजे शेवट गोड केला की काम झालं, इतकं सोपं नाही. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: मोजके क्षण अख्ख्या काळाच्या वतीने बोलतात.

म्हणून पुढच्या ट्रिपला दोन गोष्टी करून बघा. बॅगा दोन दिवस आधीच भरा. आणि रोज रात्री फोनमध्ये दोनच ओळी लिहा: आज काय झालं, कसं वाटलं. पुढच्या वर्षी "जायचं का परत?" हा प्रश्न येईल तेव्हा आधी त्या ओळी वाचा. आजीबरोबरच्या अठरा साध्या संध्याकाळींनाही मत द्यायचा हक्क आहे. आणि तुमचं उत्तर ऐकायला तिकडे कोणीतरी थांबलेलं असतं.